लॉनीचा पाचवा थर

डेल्फीन गॅस्किन्सची बोटं बाराही महिने गार असत. बाल्टिमोरच्या भर उन्हाळ्यात, रस्त्याचं डांबर बुटांना चिकटत असताना, तिने चर्चच्या दारात कुणाचा हात हातात घेतला की समोरचा माणूस दचकायचा. "मिस डेल, फ्रीजमधून उठून आलात की काय?" असं कुणी म्हणालं की ती शांतपणे म्हणायची, "तिथूनच तर आले."

ते खरंच होतं. शहराच्या पूर्वेकडच्या एका मेंदू-संशोधन संस्थेत ती गोठवलेल्या मेंदूचे काप करायची. काचेआड एक थंड पेटी, पेटीत एक पातं आणि पात्यासमोर साखरेच्या खड्याएवढा, पांढुरका मेंदूचा ठोकळा. चाक फिरवलं की ठोकळा पात्यावरून खाली उतरायचा आणि पात्यावर एक काप उरायचा. केसाहूनही पातळ, फुंकर लागली तरी गुंडाळी होणारा. डेल्फीन तो बारीक ब्रशाने सावरायची, काचपट्टी वरून हलकेच जवळ आणायची, आणि काप आपणहून उडी घेतल्यासारखा काचेला बिलगायचा. तेवढा वेळ ती श्वास घेत नसे. श्वासाच्या उबेनेही काप सुरकुततो.

तरुणपणी ती बाजारातल्या एका मांसाच्या गाळ्यावर उभी असायची. खारवलेलं मांस कागदासारखं पातळ कापून पावात भरून द्यायचं, हे काम. रोज दुपारी पाव न्यायला येणाऱ्या, इस्पितळाच्या तपासणी विभागातल्या एका बाईने तिचा हात पाहिला आणि म्हणाली, "अगं, असा हात इथे काय करतोय?" तिथून इस्पितळ, इस्पितळातून संस्था. शीतकपाटांचा कारभार पाहणारा ओडेल प्रूइट तिला अजून चिडवायचा, "मिस डेल, आज मोहरीची चटणी लावून देणार की साधंच?" ती म्हणायची, "तुझा मेंदू आला की मोहरीबरोबर कापीन, ओडेल. तेवढीच चव येईल त्याला."

माणसाच्या मेंदूवर एक साल असते. दोन नाणी एकावर एक ठेवावीत तेवढीच जाड. त्या सालीत सहा थर असतात, एकाखाली एक. पूर्वी ते रंगवून, सूक्ष्मदर्शकातून पाहावे लागत. आता नवी पद्धत आली होती. काचपट्टीवर एक लहानसा चौकोन असायचा, त्यात डोळ्यांना न दिसणारे हजारो ठिपके. काप त्या चौकोनावर पडला की कुठल्या पेशीत कुठलं जनुक जागं होतं त्याचे निरोप खालच्या ठिपक्यांना चिकटायचे. मग संगणक त्या ठिपक्यांना रंग द्यायचा. पडद्यावर थर उमटत, पट्ट्यापट्ट्यांनी. हा दुसरा, हा तिसरा, तो निळा पाचवा. मेलेल्या माणसाच्या डोक्यात शेवटी कोण कुठे बोलत होतं, हे दिसायचं.

पण त्यासाठी ठोकळा सरळ कापावा लागतो. पृष्ठभागापासून आतल्या पांढऱ्या भागापर्यंत पातं काटकोनात गेलं पाहिजे. म्हणून आधी एक काप काढायचा, झटपट रंगवायचा, पाहायचा. थर तिरके दिसले की ठोकळ्याची बैठक किंचित कलती करायची, वरचं तासून टाकायचं, पुन्हा पाहायचं. तासताना साली पडतात, बर्फाच्या भुग्यासारख्या. त्या ब्रशाने एका बाजूला लोटायच्या. दिवसाअखेर त्या जाळायला जातात. शिकाऊ मुली तासायला कचरायच्या, तेव्हा डेल्फीन त्यांच्या मागे उभी राहून म्हणायची, "तास गं, तास. वाया जाईल म्हणून जीव खालीवर करू नकोस. वाकडा काप हाच खरा वाया गेलेला."

* * *

तिचा धाकटा भाऊ अलॉन्झो, घरातला लॉनी, एकोणिसाव्या वर्षी घोडागाडीवरून फळं विकायचा. या शहरातली काळी माणसं पिढ्यान् पिढ्या हा धंदा करत आलेली. रंगवलेली गाडी, घोड्याच्या गळ्यात घुंगरं, आणि गल्लीच्या तोंडाशी लांबलचक आरोळी. लॉनीची आरोळी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू यायची. बायका टरबुजासाठी नाही, आरोळीसाठी दारात येतात, असं त्याचा मालक म्हणायचा.

एका उन्हाळ्यात लॉनी घरी येऊन म्हणाला की घोडी त्याला नावाने हाक मारते. सगळे हसले. तोही हसला. थोड्या दिवसांनी तो हसेनासा झाला, आणि मग एका चौकात त्याने गाडी उभी केली ती हलवलीच नाही. पोलीस आले तेव्हा तो घोडीचे कान दोन्ही हातांनी झाकून उभा होता, तिने आणखी काही ऐकू नये म्हणून.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी आईला समोर बसवलं. आईचं नाव अर्नेस्टीन. तेव्हा ती शहराच्या वरच्या भागात एका गोऱ्या कुटुंबाकडे राहून काम करायची. त्यांची दोन मुलं तिनेच वाढवली. स्वतःच्या मुलांकडे ती गुरुवारी यायची, आणि एक रविवार सोडून एका रविवारी.

"मूल लहान असताना तुम्ही त्याला जवळ घ्यायचात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी कामावर असायचे, सर."

"म्हणजे नाही."

"घरी आले की घ्यायचे."

डॉक्टरांनी मान हलवली. अशा मुलांच्या आया बहुधा मायेने कोरड्या असतात, ते म्हणाले. दोष देत नाही, पण बहुधा असंच आढळतं. त्या काळी बरेच शिकलेले लोक असंच मानत. डेल्फीन शेजारच्या खुर्चीवर होती. आईने पर्स मांडीवर सरळ केली आणि म्हणाली, "थँक यू, सर."

त्यानंतर आईने त्या गोऱ्या कुटुंबाकडचं काम सोडलं. घरी राहून ती लोकांचे कपडे धुऊ-इस्त्री करू लागली, आणि येता-जाता लॉनीच्या खांद्याला, केसांना हात लावू लागली. पण आता लॉनीला कुणाचाही स्पर्श सहन होत नव्हता. हात लागला की तो भिंतीला चिकटायचा. आई हात मागे घ्यायची आणि तोच हात ॲप्रनला पुसायची.

चाळीसेक वर्षं असं चाललं. मग एका सकाळी, ज्या वसतिगृहात तो राहायचा तिथल्या न्याहारीच्या टेबलावर, लॉनीचं हृदय बंद पडलं.

संस्थेतून आईला फोन आला. गेलेल्याचा मेंदू द्याल का, हे विचारायला जवळच्या माणसाला असा फोन करतात, तासाभरात काय ते ठरवावं लागतं. फोन येणार हे डेल्फीनला ठाऊक होतं. ती स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहिली. मावशी भांडायला उठली. "अर्नेस्टीन, वेड लागलंय का तुला? लहानपणी आपल्याला सांगत होते ना, अंधार पडला की इस्पितळाच्या भिंतीजवळून जायचं नाही, काळ्या माणसांना आत ओढून चिरतात म्हणून? आणि तू आपल्या हाताने पोराचं डोकं देतेस?"

आई फोनवर हात ठेवून म्हणाली, "इतकी वर्षं मी त्याला बाहेरूनच पाहिलं. आता कुणीतरी आतून पाहू दे." मग फोनमध्ये म्हणाली, "घ्या. पण काय सापडलं ते मला सांगायचं."

फोनवरच्या मुलीने समजावलं की एकेका माणसाचा निकाल घरच्यांना कळवत नाहीत. आई हो म्हणाली. तिला ते ऐकूच आलं नव्हतं, कारण तिची मुलगी तिथेच कामाला होती.

* * *

तेव्हापासून दर रविवारी, चर्चमधून आल्यावर, टोपीची पिन काढता काढता आई विचारायची, "पाहिलं का त्याचं?"

"अजून नंबर नाही आला, ममा."

मेंदूला नाव नसतं, फक्त आकडा असतो. कुठला ठोकळा कुणाचा, हे कापणाऱ्याला कळू नये असा नियम. आणि संस्थेतल्या माणसाचं जवळचं कुणी असेल तर त्याच्या वाटेला जायचंच नाही, हा तर त्याहून मोठा नियम. डेल्फीनने तो वर्षानुवर्षं पाळला. पण आईचे पाय सुजायला लागले. जिना चढताना ती मध्येच थांबायची आणि भिंतीवरची तसबीर पाहतेय असं दाखवायची. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय.

एका रविवारी आईने विचारलं नाही. टोपी काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "डेल, मी त्याला भेटेन तेव्हा काय सांगू? माझं चुकलं म्हणू की नाही म्हणू? तेवढंच ठरवायचं राहिलंय."

सोमवारी डेल्फीन ओडेलकडे गेली.

"नाही," तिने तोंड उघडण्याआधीच ओडेल म्हणाला.

"मी काही विचारलंय का?"

"तुझा चेहरा विचारतोय. नोकरी जाईल, मिस डेल. तुझी जाईल ती जाईल, माझीही जाईल. माझी बायको मला या फ्रीजमध्ये ठेवेल, आणि आकडासुद्धा नाही लावणार."

ती उभी राहिली. ओडेलने हातमोजे काढले, पुन्हा घातले. लॉनी आला त्या दिवशी ओडेलनेच त्याला उतरवून घेतलं होतं. लहानपणी लॉनीच्या गाडीवरून ओडेलने टरबूज चोरलं होतं. "पुढच्या तुकडीसाठी कपाळामागचे भाग काढायचेत मला," तो भिंतीकडे पाहत म्हणाला. "यातला एक काप काढून काढून नखाएवढा उरलाय. त्याच्या पिशवीला मी दुहेरी चिकटपट्टी लावलेली आहे. का लावली, ते मला आठवत नाही."

* * *

तो ठोकळा तिने दुपारी बैठकीवर गोठवला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिने चाक फिरवलं, पहिला काप काढला, रंगवला, पाहिला.

थर तिरके होते.

नजरेत भरण्याइतके. दुसऱ्या कुणाच्या ठोकळ्यावर तिने क्षणात बैठक कलती केली असती आणि तासायला घेतलं असतं. तिने हात चाकावर ठेवला. पात्याच्या कडेला पहिल्या कापाआधीच्या साली पडल्या होत्या, चिमूटभर. तिने ब्रश उचलला, त्या लोटण्यासाठी, आणि ब्रश तिथेच राहिला.

सरळ करायचं तर निम्मा ठोकळा तासावा लागला असता. निम्मा लॉनी भुगा होऊन जाळायच्या पिशवीत. आयुष्यभर त्याला सगळ्यांनी थोडं थोडं तासलं होतं. गाडीच्या मालकाने, इस्पितळांनी, ज्या गोळ्यांनी त्याची जीभ जड केली आणि ती आरोळी कायमची बंद केली, त्या गोळ्यांनी. उरला होता तो नखाएवढा.

एवढं तिरकं चालून जातं, ती स्वतःशी म्हणाली. आणि तसाच कापला. शेवटच्या कापापर्यंत. एकही सुरकुतला नाही, एकही फाटला नाही. इतके देखणे काप तिने क्वचितच केले असतील.

* * *

चित्रं पाहण्याचं काम हे-जिनकडे होतं. कोरियाहून आलेली, डेल्फीनच्या निम्म्या वयाची ही संशोधक पडद्यासमोर जेवायची आणि कळफलकात भाताची शितं सांडायची.

काही आठवड्यांनी तिनेच हाक मारली. "डेल, हे बघ ना. हा कोण आहे कोण जाणे."

पडद्यावर लॉनी होता. वरचे थर रुंद, पिवळे, हिरवे, खूपच रुंद. आणि जिथे पाचव्या थराचं जनुक निळ्या पट्ट्यासारखं उजळायला हवं होतं तिथे, अगदी खालच्या कोपऱ्यात, चार-दोन निळे ठिपके. बाकी काही नाही.

"पाचवा नाहीच?" डेल्फीनने विचारलं.

"दिसत तरी नाही. विचित्र आहे. पण थांब हं, मला तपासू दे. आत्ताच कुणाला बोलू नकोस, नाहीतर सगळे नाचायला लागतील आणि मग मलाच त्यांना खाली बसवावं लागेल."

त्या वेळी तिरक्या थरांची आठवण डेल्फीनच्या मनाच्या दाराशी आली होती. तिने ती आत घेतली नाही. ती थेट घरी गेली.

आई पुढच्या खोलीत, पाय स्टुलावर ठेवून बसली होती.

"ममा, सापडलं."

आईने रेडिओ बंद केला. "बोल."

"त्याच्या मेंदूत एक थर भरलाच नव्हता. पाचवा. त्या थरातून मेंदूचे निरोप बाहेर जातात. तो जवळजवळ नाहीच."

"कधीपासून नाही?"

हे डेल्फीनला ठाऊक नव्हतं. तरी ती म्हणाली, "जन्माच्या आधीपासून."

"मी त्याला टाकून कामावर गेले, त्याच्या आधीपासून?"

"त्याच्याही आधीपासून, ममा."

आईने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या घराच्या संगमरवरी पायऱ्यांवर दोन मुलं बसून बर्फाचा गोळा खात होती. मग ती म्हणाली, "म्हणजे तो डॉक्टर गाढव होता."

"गाढव होता."

"टाय काय सुंदर होता पण मेल्याचा." आणि ती हसली. असं तोंड उघडून हसताना डेल्फीनने तिला शेवटचं कधी पाहिलं होतं, ते आठवेना.

पुढच्या रविवारी, चर्चमध्ये साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची, वेळ आली तेव्हा अर्नेस्टीन गॅस्किन्स काठी टेकत उभी राहिली. "माझ्या लेकाच्या डोक्यात देवाने पाचवा मजला बांधलाच नव्हता," ती म्हणाली. "आणि मी इतकी वर्षं समजत होते, जिना मीच पाडला." लोक टाळ्या वाजवत होते, "सांगा, मदर, सांगा!" म्हणत होते. आईची चर्चमधली जुनी मैत्रीण, सिस्टर विल्हेल्मिना, रडत होती. डेल्फीन मागच्या बाकावर होती. तिने हातपंख्याने स्वतःला वारा घातला आणि टाळी वाजवली नाही.

आई जेवू लागली. कोंबडी तळताना गुणगुणू लागली. लॉनीचा फोटो तिने झोपायच्या खोलीतून आणून पुढच्या खोलीत लावला.

* * *

"डेल, जरा ये ना." या वेळी हे-जिनच्या आवाजात कुतूहल नव्हतं.

तिने दोन चित्रं शेजारी ठेवली होती. "हे बघ, वरचे थर दुप्पट रुंद आहेत. माणसात असे असूच शकत नाहीत. काप तिरका गेलाय. त्यामुळे सगळं ताणलं गेलं, आणि खालचे थर चौकोनाच्या बाहेर राहिले. पाचवा नाहीसा झालेला नाही. आपण त्याच्यापर्यंत पोचलोच नाही."



"तुझ्या हातून असं कसं झालं गं?" हे-जिनने विचारलं. त्यात रागापेक्षा आश्चर्यच होतं.

"झालं."

"होतं एखाद्या दिवशी. मी बाकीचे कापही पाहिले, सगळे तसेच आहेत. आणि ओडेल म्हणतो, त्या भागाचं आता काही शिल्लक नाही." ती घुटमळली. "हा नमुना गाळावा लागेल. सॉरी."

एक चिमूट वाया जाऊ नये म्हणून डेल्फीन ब्रश हातात धरून थांबली होती. आता सगळाच गेला होता. कुठल्याही अभ्यासात, कुठल्याही सरासरीत तो असणार नव्हता.

"सरळ कापला असता, तर दिसलं असतं का?" तिने विचारलं. "त्याला काय झालं होतं ते?"

"या एकट्यात? नाही." हे-जिनने खुर्ची तिच्याकडे वळवली. "एका माणसात काही दिसत नाही, डेल. आजारी माणसं खूप, निरोगी माणसं खूप, समोरासमोर ठेवायची. मग सरासरीत किंचितसा फरक दिसतो, तोही काही जनुकांत. पण कुठल्याही एकाकडे बोट दाखवून, 'हे याच्यामुळे', असं कधीच म्हणता येत नाही. तुला ठाऊकच आहे की."

तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं ती त्याच इमारतीत होती.

* * *

रविवारी सिस्टर विल्हेल्मिनाने स्मिथ बेटावर करतात तसा केक पाठवला होता, पातळ पोळ्यांसारखे थर आणि प्रत्येक दोन थरांमध्ये चॉकलेट. आईने तो टेबलाच्या मधोमध ठेवला होता, कापला नव्हता.

"बस," ती म्हणाली. "मला तुला काहीतरी विचारायचंय. विल्हेल्मिनाची नात कॉलेजात शिकते. ती काल आली होती. ती म्हणते, तुम्ही ते रंगीत रंगीत पाहता ते जनुक असतं. खरं का?"

"हो."

"आणि ती म्हणते, जनुक आई-बापाकडून येतं."

डेल्फीनने मान खाली घातली.

"तुझा बाप तर ठणठणीत होता. त्याच्या घरात कुणी असं नव्हतं. माझ्या आजीची बहीण होती, विहिरीशी बोलायची." आई सावकाश बोलत होती, मनात पुष्कळदा म्हणून झालेलं असावं तसं. "म्हणजे मी त्याला जवळ घेतलं नाही म्हणून नाही. मी त्याला जन्म दिला म्हणून. एवढंच ना सापडलं?"

"नाही, ममा. ऐक. ते चित्र चुकीचं होतं. पाचवा थर होता. असणारच. मीच वाकडं कापलं."

आई हसली, लहान मुलाकडे पाहून हसावं तशी. "तू लहानपणापासून अशीच. माझे पाय दुखायचे तेव्हा म्हणायचीस, शाळेला सुटी आहे, मीच कपडे पोचवते."

"ममा, मी खरं सांगतेय."

डेल्फीनने सुरी घेतली. केक सरळ कापून एक तुकडा ताटलीत ठेवला. सगळे थर वरपासून खालपर्यंत मोजून घ्यावेत असे. मग तिने सुरी आडवी कलती धरली आणि वरच्या कडेने एक चपटा तुकडा उतरवला. त्यात वरचेच दोन-तीन थर होते, रुंद, ओघळलेले. "बघ. खालचे यात नाहीत. पण केकमध्ये आहेत ना?"

आईने दोन्ही तुकडे नीट पाहिले. "केक कळला मला," ती म्हणाली. "पण तुझ्या हातून वाकडं कापलं जाईल, हे मला सांगू नकोस. तुझा हात चुकत नाही. बाजारात लोक तुझ्या गाळ्यावर रांग लावायचे."

"हात चुकला नाही." डेल्फीनने सुरी खाली ठेवली. "मला दिसत होतं तिरकं आहे ते. सरळ करायचं तर त्याला तासावं लागणार होतं. अर्धा. तासलेलं जाळून टाकतात, ममा. मला त्याला जाळायच्या पिशवीत टाकवेना."

आईचा चेहरा हळूहळू बदलला. तिला पटलं होतं. डेल्फीनला ते दिसलं, आणि पटलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"मग आता सरळ काप."

"काही उरलं नाही."

"काहीच?"

"त्या जागेचं काहीच नाही. आणि उरलं असतं तरी कळलं नसतं. एका माणसाचं कळत नाही. कुणालाच कळत नाही."

"म्हणजे माझ्यामुळे की नाही, हे..."

"नाही माहीत. पण जवळ घेतलं नाही म्हणून असं होत नाही, ममा, एवढं नक्की. ते डॉक्टर चुकीचे होते. आता कुणीही तसं म्हणत नाही."

"तेव्हा सगळे म्हणायचे," आई म्हणाली. "आता कुणी म्हणत नाही. उद्या तुमचंही कुणी म्हणणार नाही."

ती उठली. काठी न घेता, खुर्च्यांच्या पाठी धरत धरत पुढच्या खोलीत गेली आणि लॉनीचा फोटो भिंतीवरून काढून आणला. तो टेबलावर पालथा ठेवला. मग उलटा करून पदराने पुसावा तसा बाहीने पुसला, आणि पुन्हा पालथा ठेवला. तिला धाप लागली होती.

"चर्चमध्ये काय सांगू?" तिने विचारलं.

"काही सांगू नकोस."

"टाळ्या वाजवल्या लोकांनी."

डेल्फीनने तिच्या हातावर हात ठेवला. आईने तो काढून घेतला नाही, धरलाही नाही.

"जन्म दिला म्हणून, हे नवं आहे," ती म्हणाली. "ते या वयात उचलायचं झेपायचं नाही मला. जवळ घेतलं नाही, तेच राहू दे. त्याची सवय झालीय."

"ममा, तेही खरं नाही."

"तुला माहीत नाही ना?" आई म्हणाली. "मग राहू दे."

तिने वाकडा तुकडा स्वतःच्या ताटलीत घेतला, सरळ तुकडा मुलीपुढे सरकवला, आणि दोघी केक खात बसल्या.